हप्त्यांच्या घरातली दिवाळी

१९६५ च्या बोनस कायद्यात किमान बोनस पुढे ठरला तो ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा. मराठी नोकरदार घराने मात्र बोनस कधी टक्क्यांत मोजला नाही. तो मोजला मुलांच्या कपड्यांत, फराळाच्या डब्यांत, नव्या मिक्सरमध्ये, बहिणीच्या ओवाळणीत. आता बोनस खात्यात पडतो आणि संध्याकाळपर्यंत थकलेले हप्ते त्याचा फन्ना उडवतात. फ्लॅटचं कर्ज, गाडीचं कर्ज, मुलीच्या लग्नासाठी काढलेलं पर्सनल लोन, वर क्रेडिट कार्डाची बाकी. एक पगार आणि चार धनी. ऋण काढून सण करू नये, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. ऋण आधीच काढून बसलेल्या घराने सण कसा करावा, याबद्दल मात्र आपल्या म्हणी गप्प आहेत.

अशा घराला जो तो सांगतो, काटकसर करा. सांगणं खोटं नाही. पण काटकसर म्हटली की घरातल्या सगळ्यांची नजर स्वयंपाकघराकडे वळते, आणि आमचं भांडण तिथे आहे. दूध अर्ध्या लिटरने कमी होतं, शेंगदाणा तेल जाऊन पामतेल येतं, कामवाल्या मावशींना ‘पुढच्या महिन्यापासून नको’ म्हणून सांगितलं जातं. खोबरं कडाडलं, की करंज्यांवर काट. कर्ज ज्या निर्णयांतून झालं ते यातले नव्हतेच. लग्नाला हॉल कुठला, गाडीचं मॉडेल कुठलं, वन बीएचके की टू बीएचके, हे सगळं सोफ्यावर बसून ठरलं होतं. कर्ज दिवाणखान्यात काढायचं आणि फेडायचं ओट्यावर, हा कुठला न्याय?

न्यायाचं सोडा, हिशेबातही ते बसत नाही. ३० लाखांचं गृहकर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता पडतो २६,०३५ रुपये. पहिल्या हप्त्यातले २१,२५० व्याजात जातात, मुद्दलाला लागतात ४,७८५. कार्डाचं गणित याहून निर्दय. बाकी एक लाख, व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे ३,५००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ६३०. घरातल्या बाईने महिनाभर भाजी, दूध, रिक्षा यांत जीव आवळून पाच हजार वाचवले आणि ते कार्डावर भरले, तर मुद्दल उतरतं अवघं ८७० रुपयांनी. ग्राहक आयोगाने २००८ साली कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज नको, असं म्हटलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. या आघाडीवर बाहेरून कुणी सोडवायला येईल, ही आशा न ठेवलेली बरी.

म्हणून आधी कार्ड, बाकी सगळं मागून. ज्या घरात साडेसहा टक्क्यांची मुदत ठेव ‘अडीअडचणीला’ म्हणून जपली जाते आणि शेजारच्याच खणात ४२ टक्क्यांचं देणं पोसलं जातं, त्या घराला काय म्हणावं? ठेव मोडावी. दागिना मोडायची पाळी आली तर तो जिच्या अंगावरचा आहे तिने ठरवावं, इतरांनी सुचवूसुद्धा नये. एका कार्डाची बाकी दुसऱ्या कार्डावर ढकलणं, याची टोपी त्याच्या डोक्यावर घालणं, हे तर आजच थांबवायला हवं. आणि ‘नो कॉस्ट ईएमआय’च्या पाट्यांनी भुलणाऱ्यांसाठी एक जुनी आठवण: शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे २०१३ साली खुद्द रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं होतं.

ओळखीतल्या एका डोंबिवलीकर घरात गेल्या वर्षी काय झालं ते सांगण्यासारखं आहे. वहिनी वर्षभर बाजारहाट आवळत होत्या. नवऱ्याकडे दुसरंही एक कार्ड आहे, हे त्यांना कळलं ते वसुलीवाल्याचा फोन मुलाच्या मोबाइलवर आला तेव्हा. भांडण झालं, मग अबोला झाला. अबोला सुटल्यावर त्यांनी किराणावाल्याच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चार रकाने आखले: कुणाचं, किती, व्याज काय, कधी संपणार. चुलतभावाकडून घेतलेले हातउसने पैसेही त्यात लिहिले, व्याजाच्या रकान्यात शून्य घालून. चौथा रकाना भरायला नवऱ्याला बँकेत खेटे घालावे लागले. व्याजदर चढले तेव्हा बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत लांबवली होती, आणि कर्ज साठी ओलांडल्यावरही चालू राहणार होतं. वास्तविक अशा वेळी हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारायला हवं, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलेलं आहे. विचारलं असेलही, मेसेजांच्या गर्दीत वाचतो कोण?

तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. पाहुण्यांना दिसायचं कारण नाही, घरच्यांना रोज दिसावा. त्यानंतरची कपात वेगळ्याच ठिकाणी झाली. गाडी विकली, स्टेशनला तशीही ती जात नव्हतीच, पार्किंग कुठे आहे? मुलाने नव्या फोनचा विषय स्वतःहून बंद केला. चुलतभावाला दरमहा थोडे थोडे पैसे जाऊ लागले आणि दोन घरांचं येणंजाणं पुन्हा सुरू झालं. दूध होतं तेवढं झालं. मावशींना परत बोलावलं.

आमच्या मते या घराने जी खरी काटकसर केली ती लपवाछपवीची. व्यापारी लक्ष्मीपूजनाला वही उघडी ठेवून तिच्यावर हळदकुंकू वाहतो. पगारदार माणूस त्याच दिवशी बँकेचा ईमेल बायकोच्या नजरेला पडू नये म्हणून फोन उपडा ठेवतो. घरात आकडा एकालाच ठाऊक असतो, तेव्हा उरलेल्यांना त्याची काटकसर चिक्कूपणा वाटते आणि त्यांचा खर्च त्याला उधळपट्टी वाटते.

काही गोष्टींना मात्र कात्री लावू नये. आरोग्यविम्याचा हप्ता चुकवून वाचलेले पैसे एका अँजिओप्लास्टीत सव्याज बाहेर पडतात. वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला आहे. तेवढी तरी सबब कमी झाली. रेपो दरही २०२५ च्या फेब्रुवारी ते जूनमध्ये एक टक्क्याने उतरला. वर सांगितलेलं ३० लाखांचं कर्ज साडेसात टक्क्यांवर आलं की बँक हप्ता सुमारे १,८७० रुपयांनी कमी करायला तयार असते, आणि आपण त्या पैशांची दिवाळी करतो. हप्ता होता तोच ठेवला तर २० वर्षांचं कर्ज १७ वर्षांत संपतं. शिवाय बदलत्या दराच्या गृहकर्जाला २०१२ पासून मुदतपूर्व फेडीचा दंड नाही. बोनसमधला अर्धा भाग थेट मुद्दलात टाकता येतो. उरलेल्या अर्ध्याची मात्र दिवाळी करावी. ज्या घरात चार वर्षं चकलीसुद्धा तळली जात नाही, तिथे पाचव्या वर्षी कुणीतरी चिडून टीव्ही घेऊन येतो.

कर्जाशी महाराष्ट्राचं नातं जुनं आणि नाट्यमय आहे. तुकोबांनी सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवली, धाकट्या भावाच्या वाट्याची तेवढी वगळून, असं परंपरा सांगते. १८७५ च्या मे महिन्यात सुपे गावच्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली. चार वर्षांनी सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. आजचं खत मोबाइलमध्ये असतं. ते बुडत नाही आणि जळतही नाही. बावीस-पंचवीस वर्षं निमूटपणे हप्ते भरून सात-बारावरचा किंवा फ्लॅटवरचा बोजा उतरवणाऱ्यावर अजून कुणी कीर्तन केलेलं नाही.

राहता राहिला हा दिवाळी अंक. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरांत अंक येत आले आहेत आणि हात आखडला की आधी अंकच बंद होत आले आहेत. आमची त्याला हरकत नाही. कपाटाच्या दाराला तसा कागद लावायची ज्यांच्यावर वेळ आली आहे, त्यांनी हा अंक विकत घेऊ नये. जवळच्या वाचनालयात दिवाळी अंकांची थोडी वर्गणी भरली की आमच्यासकट डझनांनी अंक वाचायला मिळतात. हा परिच्छेद गाळावा, असा आमच्या वितरण विभागाचा आग्रह होता. तो आम्ही मानला नाही.