रतनपूरची तळी आणि आमची दप्तरे

रायपूरच्या शंकर नगरात राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींकडे पाहुणे आले की त्यांना दाखवायच्या स्थळांची यादी ठरलेली असते: सिरपूर, राजिम, चंपारण्य. रतनपूरचे नाव निघते ते महामायेच्या दर्शनापुरते. बिलासपूरच्या पुढे सुमारे पंचवीस किलोमीटरवर असलेल्या या गावी गाडी देवळाच्या वाहनतळावर थांबते आणि तासाभरात परत फिरते. माझे मत असे की, मराठी माणसाने, आणि त्यातही प्रशासनात काम करणाऱ्याने, रतनपूर एकदा पायी हिंडून पाहावे.

कलचुरी राजा रत्नदेव याने अकराव्या शतकात तुम्माणहून आपली राजधानी येथे आणली. १७४१ मध्ये बंगालच्या स्वारीवर निघालेले नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर येथे आले आणि कलचुरींची सत्ता व्यवहारतः संपली. पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत रघूजी भोसल्यांचे पुत्र बिंबाजी यांनी रतनपुरात राहून छत्तीसगढचा कारभार पाहिला. रामटेकच्या आठवणीने त्यांनी टेकडीवर राममंदिर बांधले, ती आजची रामटेकरी. दसऱ्याला सोने वाटण्याची येथील प्रथाही त्यांच्यापासूनची असे सांगतात. १८१८ मध्ये इंग्रज अधिकारी ॲग्न्यू याने कारभाराचे ठाणे रायपूरला हलवले आणि आठेक शतके राजधानी असलेले हे गाव एका हुकुमाने मागे पडले.

रामटेकरीवरून खाली पाहिले की प्रथम नजरेत भरतात ती तळी. जुन्या नगरांच्या वैभवाचे वर्णन करताना छत्तीसगढीत 'छै आगर छै कोरी' तळ्यांचा उल्लेख होतो. कोरी म्हणजे आपली कोडी, वीस. सहा कोडी आणि वर सहा, म्हणजे १२६. रतनपुरातली संख्या मोजत बसण्यात अर्थ नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो निराळा प्रश्न: राजा गेला, सुभेदार गेला, कचेरी गेली, तरी तळी कशी राहिली? माझे उत्तर साधे आहे. ती राजाची शोभा नव्हती, लोकांची गरज होती. स्नान, धुणे, गुरांचे पाणी, दशक्रिया, मासे, शिंगाडे, खालच्या भाताला पाणी हे सर्व त्यांच्यावर चालत असे. ज्याचे रोज काम पडते ते सहजासहजी बुजू दिले जात नाही.

या रोजच्या वापराला येथे 'निस्तार' म्हणतात. भंडारा-गोंदियाकडील वाचकांना हा शब्द आणि त्यामागची व्यवस्था दोन्ही परिचित असतील, कारण तेथील माजी मालगुजारी तलाव, म्हणजे 'मामा तलाव', याच मुलखाच्या परंपरेतले. १९५१ मध्ये मालगुजारी संपली. १९५९ च्या भू-राजस्व संहितेच्या कलम २५१ ने पडीक जमिनीवरील, निस्ताराच्या व सिंचनाच्या उपयोगाची तळी शासनाकडे निहित झाली. गावोगावचे पाण्याचे, वाटेचे व मासेमारीचे रिवाज नोंदवण्यासाठी कलम २४२ खाली 'वाजिब-उल-अर्ज' ठेवला गेला. हे दप्तर ज्यांनी कल्पिले त्यांना जमिनीची जाण होती, हे मान्य केले पाहिजे.

तथापि तळ्याची नोंद होते ती एका खसरा क्रमांकाने, आणि तो क्रमांक पाणी जिथवर पसरते तिथवरचा. पाणी ज्या उतारावरून येते, ज्या ओहोळाने आत शिरते आणि ज्या सांडव्याने बाहेर पडते, ते सर्व दुसऱ्या क्रमांकांत असते. कधी खाजगी, कधी रस्त्याचे, कधी वनाचे. त्यामुळे तळ्याच्या क्रमांकावर एकही अतिक्रमण नसताना तळे मरू शकते. वरच्या बाजूला घरे उठतात, ओहोळाची गटार होते, आणि दप्तर मात्र निष्कलंक राहते! अशा तळ्याच्या तक्रारीवर 'अतिक्रमण आढळले नाही' हा शेरा अगदी खरा असतो, म्हणूनच तो धोकादायक.

रतनपुराहून काही किलोमीटरवर खारंग नदीवरचा खुटाघाटचा जलाशय आहे. ब्रिटिश अमदानीत बांधलेल्या या धरणाला खाते आहे, अभियंता आहे, पाणीपातळीची नोंदवही आहे, कालव्याचे वेळापत्रक आहे. गावातल्या तळ्याला यातले काय आहे? जमीन महसूल खात्याची, घाट नगरपालिकेचा, मासे ठेकेदाराचे, निर्माल्य भाविकांचे. मासेमारीचा ठेका घेणाऱ्याला पाणी टिकायला हवे, पण ते स्नानयोग्य राहिलेच पाहिजे असे त्याला वाटण्याचे कारण नाही.

कायद्याचा आधार अगदीच नाही असे नव्हे. २०११ मध्ये जगपालसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गावतळ्यांवरील व सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. परंतु पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांच्या व्याख्येतून पिण्याच्या पाण्यासाठी व सिंचनासाठी मुद्दाम बांधलेली तळी वगळली आहेत. राजांनी खोदवलेले तळे त्यात बसते की नाही, यावर वाद घालता येतो. २०२२ च्या अमृत सरोवर मोहिमेने किमान एक एकर क्षेत्र आणि दहा हजार घनमीटर क्षमता अशी मापे घालून दिली, पण ती मोहीम ग्रामीण भागासाठी. रतनपूर नगरपालिकेचे गाव. मग उरतो तो सुशोभनाचा निधी. माझ्या घराजवळच्या तेलीबांधा तळ्याचे २०१० नंतर असेच रूप पालटले. संध्याकाळी तेथे फिरायला मलाही आवडते. पण शहराच्या फिरण्याच्या जागेचा नमुना तीर्थक्षेत्राच्या निस्तारी तळ्याला लावणे म्हणजे काँक्रीटच्या काठाने येणारे पाणी अडवून वर कारंजे बसवणे होय.

निधीआधी नोंद व्हावी, असा माझा आग्रह आहे. प्रत्येक तळ्याच्या खसऱ्यासोबत आवकेचे ओहोळ, पाणलोटाची सीमा आणि सांडवा यांचे क्रमांक एकाच पत्रकात यावेत, आणि वरच्या बाजूच्या बांधकाम परवानगीच्या प्रत्येक अर्जाला ते पत्रक जोडले जावे. जमीनमालक विरोध करतील, हा आक्षेप खरा आहे. परंतु नोंदीने मालकी जात नाही, केवळ पाण्याची वाट मोकळी ठेवण्याचे बंधन येते, आणि असे बंधन वहिवाटीच्या रस्त्याबाबत आपण नेहमीच मानतो. यासाठी उपग्रहाच्या नकाशांची वाट पाहायला नको. आषाढातल्या पहिल्या मोठ्या पावसात पटवारी आणि नगरपालिकेचा अभियंता छत्री घेऊन तळ्याच्या वरच्या अंगाला उभे राहिले, तर पाणी कोणत्या क्रमांकातून येते ते दोघांनाही दिसेल. सोबत तळ्यावर रोज येणारी एखादी वयस्क बाई असावी. सांडवा पूर्वी कोठे होता, हे बहुधा तिलाच ठाऊक असते.