वाघाची गॅरंटी मागणाऱ्या दोस्तांसाठी

दिवाळी आटोपली की माझ्या फोनवर एकच प्रश्न येणं सुरू होते : "भाऊ, वाघ पक्का कुठं दिसते?" पुण्या-मुंबईचे विचारतात ते ठीक आहे, पण आपले धरमपेठ-मनीषनगरवालेही तेच विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. पक्का वाघ गोरेवाड्याला दिसते. तिकीट काढा, बसमध्ये बसा, फोटो काढा, संध्याकाळी घरी येऊन तर्री-पोहे खा. रानात गॅरंटी मागायची असेल तर त्याची किंमत कोण देतं, तेही ऐकून घ्या.

३१ डिसेंबर २०२४ आठवतो? उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य, गोठणगाव गेट. एफ-टू वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर, आणि दोन्ही बाजूंनी जिप्सी. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, चालक-गाइडांचं निलंबन झालं, दंड झाला. ते व्हायलाच पाहिजे होतं. पण आपण सगळे चालकांना शिव्या घालून मोकळे झालो, हे मला पटलं नाही. गेटवरच्या पोराला फेरीमागं ठरलेले पैसे मिळतात. वरची टिप मिळते ती वाघ दिसला तरच. मोर दाखवला, पाणघार दाखवली, अस्वलाची उकरलेली वाळवी दाखवली, तर मागच्या सीटवरून आवाज येतो, "हे राहू दे ना बे, गाडी पुढं घे." मग तो पुढं घेतो. सहा गाड्या पुढं घेतात. त्यातून काय होतं ते गोठणगावला दिसलं.

परवा एका सहलवाल्याचं पत्रक हातात आलं. चार रात्री, सहा सफाऱ्या, जेवण रिसॉर्टमध्ये. अख्ख्या पत्रकात एका गावाचं नाव नाही, गाइडचं तर नाहीच. विदर्भ म्हणजे जिप्सी, वाघ आणि बुफे!

मी सुचवतो ती सुट्टी वेगळी आहे. दोन दिवस डोंगर, तीन दिवस पाणथळ, आणि दोन्हीकडं सोबत गावचा माणूस.

डोंगर म्हणजे मेळघाट. १९७३-७४ साली देशात पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले, त्यातला हा एक. तरी वाघ सहज दिसत नाही, म्हणून गर्दी ताडोब्याच्या मानानं कमी. माझ्या मते हीच त्याची श्रीमंती. चिखलदरा, सेमाडोह, कोलकास, सिपना नदीचा काठ. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड शंभरावर वर्षं कुणाला दिसलं नव्हतं, जग त्याला संपलेलं धरून बसलं होतं. १९९७ साली ते शहाद्याजवळ सापडलं आणि नंतर मेळघाटात त्याची चांगली वस्ती असल्याचं कळलं. परवानगी असलेल्या पायवाटेवर कोरकू गाइडसोबत सकाळी दोन तास चाला. तो आवाजावरून झाड दाखवतो, झाडावरून पक्षी. जिप्सीतून हे होत नाही.

आणि पाणथळ म्हणजे आपलं वैनगंगेचं खोरं. भंडारा रोडनं साकोली गाठा, पुढं नवेगावबांध. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून सुमारे सात हजार मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं बांधलेले, तीनेकशे वर्षांपूर्वीचे. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळींचा, असं सगळा परिसर सांगतो. १९५० नंतर मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि गाळ काढणार कोण हा प्रश्न तसाच राहिला. बेशरमानं काठ खाल्ले. पुढं अर्जुनी मोरगाव भागातल्या धिवर लोकांनी काही तलावांत उतरून बेशरम उपटली आणि देशी पाणवनस्पती परत लावल्या. कोणत्या वनस्पतीखाली कोणता मासा अंडी घालतो आणि कोणता पक्षी तिथं चरतो, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. मारुती चितमपल्ली नवेगावबांधला वनाधिकारी होते. त्यांनीसुद्धा माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या गावकऱ्यांकडून शिकलो, हे मोकळेपणानं लिहून ठेवलं. मग आपण त्याच गावांत जाऊन रिसॉर्टच्या मॅनेजरला पक्ष्यांची नावं काहून विचारावी?

हिवाळ्यात चक्रवाक येतात, तलवार बदकं येतात. आणि सारस. महाराष्ट्रात सारस उरले ते जवळपास सगळे गोंदिया-भंडाऱ्याकडं, आणि तेही पन्नासच्या आत. विजेच्या तारा, धानावरची औषधं, कोरडे पडणारे तलाव, या सगळ्यातून वाचलेली ही जोडपी आहेत.

आता कुणी म्हणेल, "तुम्हीच पोस्ट टाकून गर्दी नेणार, उद्या सारसाचं गोठणगाव होईल." आक्षेप खरा आहे, हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सारस पावसाळ्यात धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या काठी घरटं करतो. म्हणजे बहुतेकदा एखाद्या शेतकऱ्याच्या वावरात. त्याचं धान तुडवून फोटोवाले घुसले, तर पुढच्या वर्षी तो घरटंच ठेवणार नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही. म्हणून जुलै ते सप्टेंबर सारसाकडं फिरकूच नका. हिवाळ्यात जा, रस्त्यावरून दुर्बिणीनं बघा, घरट्याची जागा फेसबुकवर टाकू नका. ज्या शेतकऱ्यानं घरटं सांभाळलं त्याला सहलीच्या पैशातून काहीतरी मिळालं पाहिजे. हे आपल्या मर्जीवर न सोडता शुल्कातच धरलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

वनखात्याला आणि स्थानिक आमदार-खासदारांना मागणी एवढीच. नवं गेट, नवी जिप्सी जाहीर करण्याआधी धिवर संस्थांच्या पोरा-पोरींना पक्षी-गाइड म्हणून नोंदवा. दिवसाची मजुरी ठरवा, वाघ दिसो की न दिसो. टिप बंद करा, हवं तर फी वाढवा. नागपूरकर पेंचचं पाणी पितो, जास्तीचे दोनशे रुपये देईल.

कुणी खरंच जाणार असेल तर कमेंटमध्ये लिहा, मार्ग मी सांगतो. डिसेंबर-जानेवारी उत्तम. ३१ डिसेंबर मात्र वगळा.