अपडेट कंपनीचं, पार्टिशन मात्र तुम्ही वाढवा! विंडोजच्या ‘त्या’ एररचं प्रकरण काय आहे?

9 जानेवारी 2024 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 साठी केबी5034441 हे सुरक्षा अपडेट आणलं. पण अनेकांच्या कॉम्प्युटरवर ते इन्स्टॉलच होईना. स्क्रीनवर फक्त 0एक्स80070643 असा एरर. सी ड्राईव्हमध्ये भरपूर जागा मोकळी असली तरी तोच एरर!

कारण हे अपडेट सी ड्राईव्हमध्ये जातच नव्हतं. विंडोज बिघडलं तर दुरुस्तीसाठी लागणारी फाईल बहुतेक कॉम्प्युटरवर वेगळ्या, लपलेल्या रिकव्हरी पार्टिशनमध्ये असते. अपडेटला तिथे 250 एमबी मोकळी जागा हवी होती. पार्टिशन म्हणजे एकाच हार्ड डिस्कच्या वेगवेगळ्या खोल्या. हॉल कितीही मोठा असला तरी त्याने मोरी मोठी होत नाही. त्यात ‘जागा कमी आहे’ असं सांगणारा एरर दिसायला हवा होता, तोही चुकून भलताच दिसत होता. हे कंपनीनेच मान्य केलं.

मग उपाय काय सांगितला? कमांड प्रॉम्प्ट उघडा, डिस्कपार्ट चालवा, सी ड्राईव्ह 250 एमबीने लहान करा, जुनं रिकव्हरी पार्टिशन डिलीट करा आणि नवं मोठं बनवा. यात पार्टिशनचा नंबर चुकला तर घरातले फोटो, कागदपत्रं सगळं जाऊ शकतं. काही महिन्यांनी कंपनीने सांगितलं की, यावर आपोआप होणारा उपाय येणार नाही, हे हातानेच करावं लागेल. पुढे एक स्क्रिप्टही दिली होती, पण ती चालवणं घरच्या वापरकर्त्याला कितपत जमणार?

खरं तर यातली त्रुटी बिटलॉकरशी संबंधित होती. कॉम्प्युटर हातात आलेल्या माणसाला बिटलॉकरचं संरक्षण चुकवता येत होतं. ज्यांनी बिटलॉकर किंवा डिव्हाईस एन्क्रिप्शन वापरलंच नव्हतं, त्यांना या त्रुटीची फारशी भीती नव्हती. हे ठळकपणे सांगितलं असतं तर कितीतरी लोकांची धावपळ वाचली असती.

‘सी’ लाल, ‘डी’ रिकामा. मग?

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला. जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज 11 साठी जागा करताना हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राईव्ह वाढवायला त्याच्या लगेच उजवीकडे मोकळी जागा लागते. डी ड्राईव्ह लहान केला तर जागा डीच्या शेवटी सुटते, सीला लागून नाही. डी पूर्ण काढला तरी मध्ये रिकव्हरी पार्टिशन असेल तर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ हा पर्याय पुसटच राहतो.

बाहेरची सॉफ्टवेअर पार्टिशन सरकवून देतात, पण काम सुरू असताना वीज गेली तर डेटा जाण्याचा धोका असतो. त्यामुळे आधी बॅकअप घ्या आणि तो त्याच डिस्कच्या डी ड्राईव्हवर नको, वेगळ्या हार्ड डिस्कवर. बिटलॉकर सुरू असेल तर 48 अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. लॅपटॉप चार्जरला लावूनच हे काम करा.