मोठे नाव की पूर्ण शिक्षण?

कागदावर अंगठा उठविण्यापूर्वी त्यात काय लिहिले आहे हे जाणण्याची संधी ज्यांना मिळाली नाही, त्यांच्या वंशजांनी करारपत्र कसे वाचावे हे इतरांपेक्षा अधिक जाणले पाहिजे. १८३४ पासून पोर्ट लुईच्या बंदरात जे शर्तबंद मजूर उतरले, त्यांत मुंबई बंदरातून आलेली कोकणातील व घाटावरील मराठी माणसेही होती. एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांचे वेतन कापले जाईल, ही गोष्ट त्यांतील कित्येकांना उसाच्या मळ्यात पाय टाकल्यावरच कळली असेल. १८७२ मध्ये शाही आयोग येऊन चौकशी करू लागला, तोवर एक पिढी त्या अज्ञानाची किंमत देऊन चुकली होती.

आज त्याच घरांतील मुले-मुली डॉक्टर होत आहेत. कोणी भारतात शिकतो, कोणी फ्रान्समध्ये, कोणी मॉरिशसमध्येच. पदवी हाती आली की पुढील विशेष शिक्षणासाठी काहींची दृष्टी अमेरिकेकडे वळते, आणि त्यात गैर काहीच नाही. अमेरिकेतील सुमारे एक चतुर्थांश डॉक्टर परदेशात शिकून तेथे गेलेले आहेत. परंतु तेथील निवासी प्रशिक्षण, ज्याला सर्वत्र रेसिडेन्सी म्हणतात, ते एकाच जातीचे नसते. आणि कोणत्या जातीची जागा पत्करावी हा निर्णय पुष्कळदा एका रात्रीत, घरच्यांच्या हौशीने व रुग्णालयाच्या नावाच्या मोहाने घेतला जातो. पूर्वजांना वाचता येत नव्हते. नातवंडांना वाचता येते, पण घाईत वाचायचे राहून जाते. हे शल्य अधिक मोठे म्हटले पाहिजे.

प्रथम जागांचे प्रकार नीट समजून घ्यावेत. पहिला प्रकार कॅटेगॉरिकल जागेचा. तीत शिरलेल्या डॉक्टरला पहिल्या दिवसापासून अखेरपर्यंतचे शिक्षण एकाच ठिकाणी मिळते: अंतर्वैद्यक, बालरोग व कुटुंबवैद्यक यांत ३ वर्षे, सामान्य शस्त्रक्रियेत ५ वर्षे. काम समाधानकारक असेल तर पुढील वर्षाची जागा त्याचीच असते. दुसरा प्रकार प्रिलिमिनरी जागेचा. ती केवळ १ वर्षाची. तिसरा ट्रान्झिशनल वर्षाचा. तेही एकच वर्ष, निरनिराळ्या विभागांत फिरून काढावयाचे. चौथा ॲडव्हान्स्ड जागेचा. तीत प्रवेश मिळाला तरी शिक्षण दुसऱ्या वर्षापासून सुरू होते, आणि पहिले वर्ष प्रिलिमिनरी किंवा ट्रान्झिशनल जागेवर, बहुधा वेगळ्या रुग्णालयात, पुरे करावे लागते. क्ष-किरणशास्त्र, त्वचारोग, भूलशास्त्र अशा शाखांत ही रीत आढळते.

येथवर सारे सरळ आहे. अडचण येते ती प्रिलिमिनरी जागेच्या पोटभेदात. ज्याची पुढील ॲडव्हान्स्ड जागा आधीच ठरलेली आहे, त्याच्यासाठी हे एक वर्ष पूल असते. परंतु पुढे कोठेही जागा ठरलेली नसताना शस्त्रक्रिया विभागात एक वर्षाची जागा घेणाऱ्यासाठी तो अर्धाच बांधलेला पूल असतो. रात्रपाळी, वॉर्डातील धावपळ, शस्त्रक्रियागृहातील उभे राहणे, सारे इतरांइतकेच. मात्र जूनअखेर इतर जण दुसऱ्या वर्षात जातात आणि हा मोकळ्या हाताने दाराबाहेर येतो.

एक प्रसंग कल्पावा. व्हाक्वाच्या बाजूची एक मुलगी भारतात वैद्यकीय पदवी घेऊन परतली. तिच्या शिक्षणासाठी वडिलांनी कर्ज काढले, आजीने दागिने दिले. परीक्षा उत्तम रीतीने पार पडल्या, मुलाखती झाल्या आणि अखेर तिच्यापुढे दोन नावे राहिली. एक जगप्रसिद्ध विद्यापीठाचे रुग्णालय. तेथे शस्त्रक्रियेची १ वर्षाची, पुढची कोणतीही शाश्वती नसलेली जागा. दुसरे एका लहान गावातील सार्वजनिक रुग्णालय. तेथे अंतर्वैद्यकाची पूर्ण ३ वर्षांची जागा. काका म्हणतात, "अगं, त्या विद्यापीठाचे नाव साऱ्या बेटाला ठाऊक आहे. त्या खेड्याचे नाव कोणी ऐकले आहे?" वडील गप्प राहतात, पण त्यांनाही मनातून तेच वाटत असते.

काकांचे म्हणणे सर्वस्वी निराधार नाही. मोठ्या विद्यापीठात मोठे गुरू भेटतात, त्यांचे शिफारसपत्र वजनदार ठरते, आणि एखाद्याने मध्येच जागा सोडली तर ती अंगणातील परिचित माणसाला मिळण्याचा संभव असतो. अशा वर्षातून पुढे जाऊन शल्यविशारद झालेले डॉक्टर आहेत. ज्याचे मन शस्त्रक्रियेवाचून दुसऱ्या कशात रमणारच नाही, त्याने हा धोका डोळे उघडे ठेवून पत्करला तर त्याला कोणी दोष देऊ नये.

परंतु हा धोका अमेरिकन नागरिकाला जेवढा आहे तेवढाच परदेशी पदवीधराला नाही, हे काकांच्या ध्यानात येत नाही. अमेरिकन मुलगा वर्षअखेर जागेवाचून राहिला तर तो आपल्या घरी राहून पुढील वर्षी पुन्हा अर्ज करतो. परदेशी डॉक्टरचा व्हिसा त्याच्या जागेला बांधलेला असतो. जे-वन व्हिसावर असलेल्याची जागा संपली की सामान आवरण्यासाठी ३० दिवस मिळतात. त्या व्हिसावर वैद्यकीय प्रशिक्षणासाठी साधारणपणे एकूण ७ वर्षांची मर्यादा आहे, आणि वाया गेलेले वर्षही त्यातच मोजले जाते. शिवाय दुसऱ्या खेपेला अर्ज करताना गेल्या वर्षी काय झाले, हा प्रश्न प्रत्येक मुलाखतीत तिच्यापुढे उभा राहील. भरती-ओहोटी सर्वांना सारखीच असली तरी ज्याच्या होडीला सुकाणू नाही त्याने खोल पाण्यात जाताना दोनदा विचार करावा.

जागा मिळणे मुळात किती कठीण आहे, हेही पाहावे. २०२२ ते २०२५ या वर्षांत अमेरिकन नागरिक नसलेल्या परदेशी पदवीधरांपैकी शंभरांत सुमारे ५८ ते ५९ जणांनाच पहिल्या वर्षाची जागा मिळाली. अमेरिकेतच शिकून त्या वर्षी बाहेर पडणाऱ्या एम. डी. विद्यार्थ्यांत हे प्रमाण ९० च्या वर असते. तेव्हा हाती येऊ शकणारी पूर्ण शिक्षणाची जागा ही सहज दूर सारावी अशी वस्तू नव्हे.

येथे निवडीची पद्धतही समजून घेतली पाहिजे. १९५२ पासून तेथे उमेदवार व रुग्णालये यांची जोडणी एका मध्यवर्ती व्यवस्थेमार्फत होते. उमेदवार आपल्या पसंतीच्या क्रमाने यादी देतो, रुग्णालयेही देतात, आणि गणिती रीतीने मेळ घातला जातो. ही रीत १९९८ मध्ये अर्थशास्त्रज्ञ आल्विन रॉथ यांच्या साहाय्याने सुधारण्यात आली. या विषयातील कार्याबद्दल रॉथ व लॉइड शॅप्ली यांना २०१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तिचे मर्म असे की उमेदवाराच्या पसंतीपासून आरंभ होत असल्यामुळे त्याने आपली खरी पसंती त्याच क्रमाने लिहावी. "येथे मिळणार नाही, मग वर कशाला लिहू" असा हिशेब केल्याने लाभ होत नाही. मात्र यादी एकदा निश्चित झाली की तिचा निकाल बंधनकारक असतो. जे ठिकाण मनापासून नको आहे ते यादीत लिहूच नये, आणि जे पहिले लिहिले ते काकांच्या मनातले नसून स्वतःच्या मनातले असावे. मार्च महिन्याच्या तिसऱ्या शुक्रवारी, म्हणजे मॉरिशसचा राष्ट्रीय दिन उलटल्यावर थोड्याच दिवसांनी, कोणाला कोणते रुग्णालय मिळाले ते उघड होते. त्यानंतर पश्चात्तापाला जागा नाही.

आता विद्यापीठाचे रुग्णालय आणि गावातील रुग्णालय यांची तुलना. विद्यापीठात संशोधन अधिक, दुर्मिळ रोगांचे रुग्ण अधिक, आणि पुढील उपशाखेच्या शिक्षणाची दारे बहुधा त्याच इमारतीत असतात. गावातील रुग्णालयात निवासी डॉक्टरच्या हातून प्रत्यक्ष काम अधिक होते, वरिष्ठ डॉक्टर त्याला नावाने ओळखतात, आणि अशा ठिकाणी परदेशी पदवीधरांचे प्रमाणही पुष्कळदा मोठे असते. या दोहोंच्या मध्ये विद्यापीठाशी संलग्न असलेली सार्वजनिक रुग्णालये हा तिसरा वर्ग आहे आणि अनेकांच्या दृष्टीने तो सुवर्णमध्य ठरतो. २०२० पासून ही सर्व प्रशिक्षणे एकाच मान्यता-मंडळाच्या नियमांखाली आहेत. आठवड्याला सरासरी ८० तासांहून अधिक काम नको, हा नियम नावाजलेल्या व अनामिक रुग्णालयांना सारखाच लागू आहे.

म्हणून नाव विचारण्याऐवजी पुढील प्रश्न विचारावेत. येथील किती डॉक्टर विशेषज्ञतेच्या परीक्षेत पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाले? गेल्या तीन वर्षांत येथून बाहेर पडलेले कोठे गेले? मान्यता-मंडळाने या प्रशिक्षणाला पूर्ण मान्यता दिली आहे की ताकीद देऊन ठेवली आहे? सध्या किती परदेशी डॉक्टर येथे आहेत, आणि त्यांना कोणता व्हिसा दिला आहे? या प्रश्नांची उत्तरे बहुतांशी उघड उपलब्ध असतात. जी नसतील ती मुलाखतीत विनयाने विचारता येतात, आणि विचारल्याने कोणाची जागा जात नाही.

राहिला व्हिसाचा प्रश्न. बहुतेक परदेशी निवासी डॉक्टर जे-वन व्हिसावर जातात. १९५६ मध्ये स्थापन झालेली ई. सी. एफ. एम. जी. ही संस्था परदेशी पदवीधरांना पात्रतेचे प्रमाणपत्र देते व या व्हिसासाठी त्यांची पुरस्कर्तीही तीच असते. त्याकरिता मायदेशाच्या आरोग्य मंत्रालयाचे पत्र लागते: देशाला अशा तज्ज्ञाची गरज आहे आणि शिक्षण संपल्यावर डॉक्टर परतण्यास वचनबद्ध आहे. त्यानुसार २ वर्षे मायदेशी राहण्याची अट असते. तीतून सूट हवी असल्यास अमेरिकेतील डॉक्टरांची उणीव असलेल्या भागात ३ वर्षे सेवा करण्याचा एक मार्ग आहे, पण त्याच्या जागा प्रत्येक राज्याला वर्षाला ३० एवढ्याच. एच-वन-बी व्हिसाला ही परतण्याची अट नाही; परंतु त्यासाठी तिसऱ्या पायरीची परीक्षा आधीच उत्तीर्ण व्हावी लागते, पुष्कळ रुग्णालये तो देतच नाहीत, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरील व्यक्तींसाठीच्या नव्या अर्जांवर १ लक्ष डॉलरचे शुल्क लावणारी घोषणा झाली. असे नियम पालटत असतात. म्हणून गतवर्षी गेलेल्या मित्राच्या सांगण्यावर विसंबून न राहता त्या वर्षीचा नियम स्वतः वाचावा.

पुष्कळ घरांत परतण्याची अट ही शिक्षा मानली जाते. ती तशी मानण्याचे कारण नाही. मॉरिशसमध्ये प्रौढांपैकी सुमारे पाचांमागे एकाला मधुमेह आहे. मधुमेहामागून मूत्रपिंड, हृदय व दृष्टी यांचे विकार येतात. ज्या मुलीने लहान गावात ३ वर्षे अंतर्वैद्यक आणि त्यापुढे २ वर्षे मूत्रपिंडविकार शिकून घेतले, तिची वाट या बेटावर अनेक घरे पाहत आहेत. तिने कोणत्या विद्यापीठात १ वर्ष काढले हे डायलिसिसच्या खुर्चीवर बसलेली वृद्धा विचारणार नाही. मात्र येथेही सावधगिरी हवी. अमेरिकेतील ३ वर्षांचे शिक्षण ब्रिटनमधील त्याच शाखेच्या वाटेहून पुष्कळ आखूड आहे. म्हणून परतल्यावर तज्ज्ञ म्हणून नोंदणी कोणत्या अटींवर होईल, हे येथील वैद्यक परिषदेला जाण्यापूर्वीच लेखी विचारून ठेवावे.

समाजाचेही काही कर्तव्य आहे. सायंकाळच्या बैठकांतून ज्यांनी अक्षरे गिरवून घेतली, त्या वडीलधाऱ्यांनी मुलांना वाचायला शिकविले. आता मुलांनी जे वाचले त्यावर विश्वास ठेवण्याची पाळी वडीलधाऱ्यांची आहे. लग्नकार्यात वा गणपतीच्या मंडपात "मुलगी कोठे शिकते?" असा प्रश्न आला, तर लहान गावाचे नाव सांगताना वडिलांची मान खाली जाऊ नये, आणि विचारणाऱ्यानेही भुवई उंचावू नये. एवढे झाले तरी अनेक याद्या आपोआप योग्य क्रमाने लिहिल्या जातील.

पूर्वजांच्या करारात काय आहे ते त्यांना कोणी वाचून दाखविले नाही. त्यांच्या पणतीपुढे आज जो करार येतो त्याची प्रत्येक ओळ तिला वाचता येते. ती तिने शांतपणे वाचावी, शेवटच्या वर्षाची ओळ आहे की नाही ते पाहावे, आणि मगच सही करावी.