बाळ दूध टाकते, दोष आईला का?

परळच्या एका चाळीत आम्ही गेलो होतो. बाळ तीन महिन्यांचे. पाजले की गुळणी, मग तासभर रडणे. सासू म्हणाली, "हिचेच दूध बाधते." शेजारीण म्हणाली, "दृष्ट काढा." बाप मोबाईल घेऊन गॅलरीत उभा. आई मुकाट्याने बाळाचे तोंड पुसत होती.

दोष कुणाचा? वैद्यकशास्त्र सांगते, कुणाचाच नाही. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप तान्हेपणी पक्की झालेली नसते, म्हणून दूध वर येते. बहुतेक बाळांचा हा त्रास वर्ष-दीड वर्षात आपोआप थांबतो. थोडे थोडे पाजावे, ढेकर काढावी, नंतर 20-30 मिनिटे बाळाला उभे धरावे, झोपवताना पाठीवरच झोपवावे. मात्र उलटी हिरवी किंवा रक्ताची असेल, फवाऱ्यासारखी उडत असेल, वजन वाढत नसेल, लघवी कमी झाली असेल, ताप किंवा धाप असेल, तर अंगारा नको, घुटी नको, मध तर नकोच. थेट दवाखाना गाठावा. 1929 साली सुरू झालेले वाडिया बालरुग्णालय परळमध्येच आहे.

पण एवढा सल्ला दिला की आपले काम संपले का? ही 20-30 मिनिटे दिवसातून आठ-दहा वेळा कोण देणार? चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईने ती कुठून आणायची?

हा प्रश्न बाबासाहेबांनी ओळखला होता. परळच्या बीआयटी चाळीत संसार केलेल्या रमाई-बाबासाहेबांनी चार लेकरे गमावली. 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी सांगितले की, बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. 1929 मध्ये तो कायदा झाला. पुढे 1961 च्या कायद्याने बाळ 15 महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या दिवसात पाजण्यासाठी दोन जादा सुट्ट्या दिल्या. 2017 मध्ये पगारी रजा 26 आठवड्यांची झाली.

पण कुणासाठी? लालबाग-परळच्या गिरण्या गेल्या, तिथे टॉवर आले. गिरणीत राबणाऱ्या आजीला जो हक्क कायद्याने होता, तो त्याच टॉवरमध्ये लादी पुसणाऱ्या नातीला नाही. घरकामगार बाईने खाडा केला की पैसे कापले जातात. म्हणून बाळाच्या गुळणीचा प्रश्न हा आमच्या मते कामगारांच्या हक्काचा प्रश्न आहे. घरकामगारांना पगारी प्रसूती रजा आणि वस्तीत पाळणाघर, या मागण्या आपल्या निवेदनांत आल्याच पाहिजेत.

तोवर काय? मित्रांनो, आपण मंचावरून स्त्रीमुक्ती सांगतो, पण रात्री दोन वाजता बाळाला खांद्यावर धरतो का? बाप झालेल्या कार्यकर्त्याने ही पाळी घ्यावी. प्रत्येक बुद्धविहारात आईला निवांत पाजता येईल असा कोपरा असावा. महिला मंडळाने बाळाला तासभर सांभाळावे, आई झोपेल. ओपीडीच्या रांगेत तिच्यासोबत कुणीतरी उभे राहावे. आणि "हिचेच दूध बाधते" असे जो म्हणेल, त्याला तिथल्या तिथे थांबवावे, मग ती आपली आई का असेना.

जय भीम!