रेझीन बिचारे निर्दोष!

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरचे पाणी मृदू करणारे यंत्र रुसले. रेझीनचे पुनरुज्जीवन करूनही साबणाला फेस येईना. "रेझीन गेले, बदला," असा निकाल दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांनी मिठाच्या टाकीचे झाकणही न उघडता दिला. असा विनातपासणी निकाल मला मान्य नाही.

यंत्रात घडते काय? रेझीनचे मणी कठीण पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे आयन धरून ठेवतात आणि त्यांच्या बदल्यात सोडियमचे आयन देतात. हा साठा संपला, की मण्यांतून मिठाचे तीव्र द्रावण सोडतात. मग उलट देवघेव होते. तेव्हा पहिला प्रश्न हा, की द्रावण मण्यांपर्यंत पोचते का?

टाकीत काठी घातली. वर मिठाचा कडक थर, खाली पोकळी! पाणी मिठाला शिवतच नव्हते. थर फोडला, काही तास थांबून पुनरुज्जीवन सुरू केले. पण टाकीतील पातळी उतरेना. द्रावण ओढणारा भाग व्हेंचुरीच्या तत्त्वावर चालतो. अरुंद मार्गात पाण्याचा वेग वाढतो, दाब घटतो व द्रावण खेचले जाते. तो मार्गच गाळाने बुजला होता. पाणी बंद करून तो धुतला. दुसऱ्या दिवशी साबण फेसाळला!

पाण्यातील लोह वा क्लोरीन यांमुळे रेझीन खरोखरही बिघडते. पण तो निष्कर्ष शेवटी काढावा. शाळेतले बंद उपकरण कपाटात टाकण्यापूर्वी, शिक्षक मित्रहो, ते विद्यार्थ्यांपुढे उघडा. आणि विद्यार्थ्यांनो, एका वेळी एकच कारण तपासा.