गांधीबागेत बसलेले बिऱ्हाड

दिवाळीच्या अंकात मे महिन्याच्या उन्हाची गोष्ट सांगणे म्हणजे चकलीबरोबर पन्हे वाढण्यासारखे आहे, हे मला कळते. पण आमच्या बिऱ्हाडाची हकीकत सांगण्याचे मी या पानावर कधीचे कबूल करून बसलो आहे, आणि देणे दिवाळीपूर्वी फेडलेले बरे.

‘बिऱ्हाड’ हे आमच्या १९७४ सालच्या ॲम्बॅसडरचे घरातले नाव. वडिलांनी मागच्या बाकाची पाठ काढून तिथे फळ्यांचा बिछाना बसवला होता. डिकीत स्टोव्ह, सुरई आणि भांड्यांची पेटी. चिखलदऱ्यापासून पचमढीपर्यंत आम्ही या गाडीशेजारी भात शिजवला आणि गाडीतच झोपलो. उत्तरपाड्याच्या कारखान्याने २०१४ साली ॲम्बॅसडर बनवणे बंद केले. आमच्या चिरंजीवांच्या मते आम्हीही त्याच साली बंद करायला हवे होते. भंगारवाल्याचा नंबर त्यांनी फोनमध्ये घालून ठेवला होता.

कारण दोन उन्हाळे गाडीला एकच खोड जडली होती. गावात हिंडताना शहाणी. लांबच्या प्रवासाला निघाली की वीस-पंचवीस किलोमीटरवर आचके देऊन बंद. अर्धा तास थांबा, पुन्हा सुरू, जणू काही झालेच नाही! मिस्त्र्यांनी कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला, कार्बोरेटर धुतला. एकाने आजकालच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलला आरोपी केले. अखेर सर्वानुमते निदान ठरले : व्हेपर लॉक.

हे दुखणे काल्पनिक नव्हे. पाणी १०० अंशांवर उकळते, तसा पेट्रोलला एकच एक आकडा नाही. तो अनेक द्रव्यांचा चिवडा आहे, आणि त्यातली हलकी द्रव्ये ३५-४० अंशांच्या पुढे उकळू लागतात. नागपूरच्या मे महिन्यात तेवढी उष्णता सावलीतच असते. बॉनेटखालचे विचारू नका. त्यातून जुन्या गाडीचा पंप इंजिनाच्या अंगाला चिकटलेला. तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो, आणि ओढताना नळीतला दाब कमी होतो. दाब कमी झाला की उकळणेही लवकर. लेहला पाणी ८८ अंशांच्या सुमारासच उकळते ते याचमुळे. नळीत वाफेचा फुगा धरला की पंप वाफच चोखत बसतो आणि इंजिन उपाशी मरते. नव्या गाड्यांचा पंप टाकीतच असतो आणि पेट्रोल पुढे ढकलतो, म्हणून त्यांना ही व्यथा फारशी नाही. अमेरिकेतले जुने मोटारवाले पेट्रोलच्या नळीला लाकडी चिमटे लावीत, कपडे वाळत घालायचे. आपल्याकडे पंपावर ओले फडके ही घरगुती मात्रा.

तर गेल्या मे महिन्यात रामटेकला निघालो होतो. मावशी अंथरुणाला खिळलेली. आईची एवढीच एक बहीण उरलेली. याआधी दोनदा निघून आम्ही अर्ध्या वाटेवरून परतलो होतो. आईला कमरेमुळे फार वेळ बसवत नाही, आडवे व्हावे लागते, म्हणून बिऱ्हाडाशिवाय इलाज नव्हता. सकाळी बुटीबोरीला काम होते. तिथेच टाकी काठोकाठ भरली आणि मावशीसाठी लुगडे घ्यायला गांधीबागेत आलो.

गांधीबागेतले कापडबाजाराचे बोळ ज्यांनी पाहिले आहेत त्यांना सांगायला नको. पुढे हातगाडी, मागे हातगाडी, मधे गठ्ठे उचललेले हमाल. पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलाने चाललो, आणि ऐन दुपारी बिऱ्हाड बसले. मागे हॉर्नची दिंडी. आईचा चेहरा लाल झालेला पाहून माझे हातपाय गळाले.

एका दुकानातून आवाज आला, “भाऊ, आजीबाईंले आत आणा न! उन्हात काहून बसवून ठेवलं त्यायले?” आईला गादीवर निजवले, पाणी दिले. दुकानदाराने मांजरपाटाचा तुकडा फाडून दिला. तो भिजवून पंपावर गुंडाळला. पाणी मात्र बेताने, तापलेल्या एक्झॉस्टवर थंड पाणी पडले तर बीड तडकते. पंधरा मिनिटांत पंप माठासारखा गार. सेल्फ मारला, सुरू! दहा पावले गेलो आणि पुन्हा बंद.

इथे माझी मती गुंग झाली. पंप गार असताना वाफ कसली?

मी दुकानदाराला हे रडगाणे ऐकवत होतो. आई पडल्यापडल्या म्हणाली, “अरे, तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येत नाही. दुसरं पाडावं लागतं. तुझ्या टाकीला दुसरं भोक आहे का?”

मी धावत गेलो आणि टाकीचे झाकण फिरवले. ‘स्स्’ करून हवा आत गेली. एखादा गुदमरलेला माणूस श्वास घेतो तशी. झाकणाला छिद्रच नव्हते! मूळ झाकण दोन वर्षांपूर्वी चोरीला गेले, आणि हे मी स्वतः घासाघीस करून स्वस्तात आणले होते. मग सारे उलगडले. टाकी भरलेली असली की वर हवेला जागा थोडी. दोन-तीन लिटर पेट्रोल गेले की आत पोकळी. पंपाला अधिक ओढावे लागे, दाब आणखी उतरे आणि उन्हाला आयते फावे. थांबल्यावर कुठून तरी हवा झिरपे आणि गाडी शहाणी होई. गावात टाकी कधी भरलीच नाही, म्हणून तिथे खोडही नव्हती. बिचारी कॉइल उगाच बळी गेली. मिस्त्र्यांना तरी काय बोलू? झाकणाची गोष्ट मी त्यांना सांगितलीच नव्हती.

झाकण अर्धे सैल करून अग्रसेन चौकापर्यंत नेली; एक आचका नाही. पुढे एका दुकानात छिद्राचे झाकण मिळाले. तोवर लुगडे घ्यायचे राहूनच गेले होते. मी परत फिरलो तेव्हा दुकानदाराने दोन नऊवारी आईपुढे पसरल्या होत्या आणि ती निजूनच भाव करत होती.

दिवेलागणीला रामटेक गाठले. मावशीने आईचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. मग लुगड्याची घडी उलगडून पाहिली आणि म्हणाली, “रंग जरा भडकच आणलास, नाही?”